चार मिनिटांचे आरोग्य

‘चार मिनिटांत शरीर कमवा’ हा मंत्र हल्ली घरोघरी ऐकू येतो. ‘तबाता’ त्याचे नाव. २० सेकंद जीव तोडून उड्या, १० सेकंद विसावा. अशी ८ आवर्तने. सूनबाईंच्या मोबाईलवर पाहून मीही आठवडाभर हे केले. तिसऱ्याच आवर्तनाला श्वास संपे, पुढे गुडघे सत्याग्रह पुकारीत. आणि पडद्यावरची तरुणी बजावी, ‘थांबू नका!’

का थांबू नये? ही रीत मुळात जपानी स्केटिंगपटूंच्या सरावातली. इझुमी तबाता यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग खेळात मुरलेल्या तरुण विद्यार्थ्यांवरचा, तोही जागच्या जागी चालवायच्या सायकलीवर. प्राणवायू घेण्याच्या कमाल कुवतीच्या १७० टक्के जोर तिथे लावायचा होता! सायकल गाळली, सराव गाळला आणि उरलेली चार मिनिटे नवशिक्यांच्या गळ्यात मारली. याला मी व्यायामाचा प्रसार म्हणत नाही. हा धंदा आहे. तालमीतला वस्ताद नव्या पोराच्या बैठका मोजतो, त्याचा दम पाहतो. (रागावतोही, पण पाहून!) मोबाईलमधल्या वस्तादाला तुमची धाप ऐकूच येत नाही.

विकणाऱ्यांनी निदान आरंभी एवढे तरी सांगावे : हा खेळाडूंचा सराव आहे, गुडघे दुखत असतील त्यांनी उड्या मारू नयेत.