चूल न पेटवता केलेला चॉकलेट लाडू, पण दाणा पारखूनच

पवनी तालुक्यातले आसगाव हे वैनगंगेच्या खोऱ्यातले, धानाच्या पट्ट्यातले गाव. इथल्या घरांना फल्लीदाणे काही नवे नाहीत. उपासाच्या खिचडीत, पोह्यांवर, वांग्याच्या भाजीच्या कुटात आणि संक्रांतीच्या चिक्कीत दाणा असतोच. नवी आहे ती पीनट बटरची बरणी, आणि सुट्टी लागली की मोबाईलवर फिरणाऱ्या पाककृती : गॅस नको, ओव्हन नको, पीनट बटर आणि चॉकलेट एकत्र करा, गोळे वळा, फ्रिजमध्ये ठेवा, झाले. मुले स्वतः करू शकतात, चटका बसण्याची भीती नाही, म्हणून आयाही खूष असतात.

या खाऊला नाक मुरडण्याचे कारण नाही. दुकानाच्या दारात लटकणाऱ्या पुड्यांपेक्षा तो कितीतरी बरा. मात्र ज्या पदार्थाला आच लागत नाही, त्यातली चूक सुधारायला पुढे कोणी नसते. भाजीत काही कमी-जास्त झाले तर उकळी बरेच सांभाळून घेते. इथे दाणा जसा असेल आणि हात जसे असतील, तसाच लाडू मुलाच्या पोटात जातो.

आधी कृती, कारण ती सोपी आहे आणि विकतच्या बरणीशिवाय होते. २०० ग्रॅम दाणे मंद आचेवर खमंग भाजावेत (एवढ्यापुरती तरी शेगडी लागतेच), थंड झाल्यावर सालं काढावीत आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावेत. आधी कूट होतो, मग ढेकळे होतात, आणि धीर धरला तर पाच-सात मिनिटांत दाण्याला स्वतःचे तेल सुटून लोण्यासारखा लगदा तयार होतो. तेच पीनट बटर. वरून तेल, लोणी काही लागत नाही. त्यात १०० ग्रॅम दूध पावडर, ६० ग्रॅम कोरडी गूळ पावडर आणि २० ग्रॅम कोको पावडर घालून मळावे. या ऐवजात साधारण २० ग्रॅमचे १९ लाडू होतात. एका लाडवात जवळपास १०० कॅलरी, ४ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम ३ ग्रॅम गूळ. बाजारातल्या मिल्क चॉकलेटमध्ये वजनाच्या निम्मी साखर असते, म्हणजे तेवढ्याच तुकड्यात १० ग्रॅमच्या आसपास. दूध पावडर केवळ चवीसाठी नाही. दाण्याच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि दुधात ते भरपूर असते. दोन्ही एकत्र आले की प्रथिनांचा दर्जा सुधारतो.

एक पथ्य मात्र पाळावे : मिश्रण कोरडे वाटले म्हणून त्यात पाण्याचा किंवा दुधाचा हबका मारू नये. कोरड्या, तेलकट लगद्यात जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही, म्हणून तो टिकतो. पाणी पडले की तो दुसऱ्याच दिवशी खराब होऊ शकतो. फारच कोरडे वाटले तर चमचाभर तूप चालेल.

बिनपाण्याच्या दाण्याच्या लगद्याचे हे तत्त्व वैद्यकशास्त्राने फार मोठ्या कामासाठी वापरले आहे. १९९६च्या सुमारास आंद्रे ब्रियाँ या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने तीव्र कुपोषित मुलांसाठी शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्व-क्षारांचे मिश्रण असलेले पाकीट तयार केले. शिजवायचे नाही, पाण्यात कालवायचे नाही, फोडून थेट मुलाच्या तोंडात. ९२ ग्रॅमच्या त्या पाकिटात ५०० कॅलरी असतात. जिथे स्वच्छ पाणी आणि इंधन दोन्ही नाही, तिथे या पाकिटांमुळे कुपोषित मुलांवर घरीच उपचार शक्य झाले. आपल्याकडे मुंबईच्या सायन रुग्णालयाने धारावीतील आपल्या केंद्रात याच धर्तीचा आहार स्थानिक पातळीवर बनवून कुपोषित मुलांना दिला. अंगणवाडीत अशी पाकिटे द्यावीत की ताजा गरम आहार, यावर राज्यात वाद झाला आणि तो योग्यच होता. पण घरचा लाडू म्हणजे ते औषध नव्हे, हे स्पष्ट असावे. त्यात क्षार-जीवनसत्त्वांचे मोजून घातलेले मिश्रण नसते. दंडाचा घेर कमी भरलेले मूल लाडवांवर ठेवून घरी थांबू नये.

आता दाण्याकडे वळू. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात दुकानात येणारा बहुतेक दाणा बाहेरून येतो. शेतातून गोदाम, गोदामातून ठोक व्यापारी, तिथून किराणा असा त्याचा प्रवास आणि वाटेत एखादा पावसाळा. दमट हवेत पोत्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग कळेना म्हणून त्याला 'टर्की एक्स' असे नाव पडले. शेवटी पत्ता लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा, आणि त्यातूनच हे विष विज्ञानाला माहीत झाले. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात बुरशी आलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. तिथेही हेच विष होते. एवढा मोठा डोस रोज कोणाच्या ताटात येत नाही. पण थोडे थोडे, वर्षानुवर्षे पोटात गेलेले अफ्लाटॉक्सिन यकृताचा कर्करोग घडवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत ठेवले आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात हा धोका अनेक पटींनी वाढतो.

भाजल्याने हे विष थोडे कमी होते, संपत नाही. म्हणून 'आम्ही खरपूस भाजतो' हे उत्तर पुरेसे नाही. सुदैवाने ते पोत्यात सगळीकडे सारखे पसरलेले नसते. शंभर दाण्यांत दोन-चार दाणे विषारी आणि बाकीचे स्वच्छ, अशीच बहुधा स्थिती असते, आणि ते दोन-चार दाणे बऱ्याचदा डोळ्यांना दिसतात : सुरकुतलेले, काळपट-पिवळे, कीड लागलेले, फुटलेले, हिरवट पांढरी बुरशी धरलेले. आपल्या आज्या सुपात दाणे घेऊन उजेडात बसत आणि असे दाणे वेचून फेकत. त्यांना अफ्लाटॉक्सिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण यावर घरात होण्याजोगा याहून चांगला उपाय विज्ञानालाही सापडलेला नाही. सालं काढल्यावर पुन्हा एकदा नजर टाकावी, कारण सालीखालचा डाग तेव्हा दिसतो. वेचलेले दाणे कोंबड्यांना किंवा गाईला घालू नयेत. विष त्यांनाही बाधते आणि गाईच्या दुधातून काही अंशी परत आपल्याकडे येते.

नेमके इथेच चॉकलेट घात करते. मूठभर दाणे खाताना एखादा कडू किंवा खवट लागला की माणूस थू करून टाकतो. जिभेची ती चौकी आहे. दाण्यांचा लगदा केला की तो एक खराब दाणा संपूर्ण घाण्यात मिसळतो. त्यावर कोको पडला की कडवटपणाला सबबही मिळते, कारण कोको मुळात कडूच असतो, आणि उरलेसुरले गूळ झाकून टाकतो. वेचून टाकलेल्या दाण्यांचा कूट करून 'लाडवात खपून जाईल' असे म्हणणाऱ्या घरांनी तरी हा हिशेब थांबवावा. खरे तर अन्न व औषध प्रशासनाने पावसाळा संपता संपता तालुक्याच्या बाजारातून सुट्या दाण्यांचे नमुने नेमाने घ्यायला हवेत. मिठाईचे नमुने दिवाळीच्या तोंडावर घेतले जातात, दाण्याची मात्र कोणाला आठवण होत नाही.

बरणीबंद पीनट बटर घेतले म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. २००८-०९ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातील एका कारखान्यातल्या शेंगदाण्याच्या पदार्थांतून साल्मोनेला जंतू पसरला. ७१४ जण आजारी पडले आणि ९ जणांचा मृत्यू झाला. मालकाला २०१५ साली २८ वर्षांची शिक्षा झाली. हा जंतू कोरड्या, तेलकट लगद्यात वाढत नाही, पण तग धरून महिनोन्‌महिने जिवंत राहतो. दाणे भाजताना तो मरतो. भाजून झाल्यावर अस्वच्छ हात, ओले भांडे किंवा उंदरांचा वावर यांतून तो पुन्हा शिरला, तर पुढे आच नाहीच. म्हणून मुलांना लाडू वळायला बसवण्याआधी साबणाने हात धुवायला लावावेत, मिक्सरचे भांडे कोरडे असावे. काही पाककृतींत कच्चा मैदा किंवा कणीक घालायला सांगतात, तेही टाळावे. आपल्याकडे बेसन असो की रवा, लाडवाला पीठ भाजूनच घेतात. तो रिवाज चॉकलेटपायी मोडू नये.

चॉकलेटविषयी थोडक्यात. खऱ्या चॉकलेटमधले कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते दुकानाच्या फळीवर टिकणे अवघड, त्यामुळे इथे स्वस्त लादी म्हणून मिळते ते बहुतेकदा 'कंपाउंड', म्हणजे कोको पावडर आणि वनस्पती तूप. १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातील ट्रान्स फॅटवर देशात २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण साखर आणि घट्ट चरबी राहतेच. साधी, बिनसाखरेची कोको पावडर घेतली की हा प्रश्नच उरत नाही. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून लाडू मधुमेह्याला चालतो, हा समज चुकीचा आहे. रक्तातली साखर वाढवण्यात गूळ साखरेच्या मागे नाही. मध घालत असाल तर एक वर्षाखालच्या बाळाला तो चाटवूही नये. मधातल्या बीजाणूंमुळे त्या वयात बोट्युलिझम हा लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो.

दाण्याची ॲलर्जी आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी दिसते, पण ती नाही असे नव्हे. दाणा खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, उलट्या किंवा धाप असे झाले तर 'उष्ण पडले' म्हणून घरी थांबू नये. भीतीपोटी बाळाला दाण्यापासून वर्षानुवर्षे दूर ठेवणेही बरे नाही. ॲलर्जीचा मोठा धोका असलेल्या ६४० बाळांवर लंडनमध्ये अभ्यास झाला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ४ ते ११ महिन्यांच्या वयात ज्यांना दाण्याचा पदार्थ सुरू केला, त्यांच्यात पाचव्या वर्षी ॲलर्जी सुमारे ३ टक्के होती. ज्यांना दिला नाही, त्यांच्यात १७ टक्के. मात्र तो दिला होता मऊ रूपात, अख्खा दाणा नव्हे.

हा फरक जिवावरचा आहे. लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंत आपल्या देशात शेंगदाण्याचा क्रमांक फार वरचा आहे. चार-पाच वर्षांखालील मुलाला दाढा पुरत्या नसतात, हसता-रडता-पळता खाण्याची सवय असते, आणि अर्धा दाणा श्वासाबरोबर खाली ओढला जातो. घट्ट पीनट बटरचा गोळाही घशाला चिकटून बसतो. या वयाच्या मुलाला लाडू द्यायचा तर त्यात दाण्याचे तुकडे नसावेत. तो दुधात पातळ करून चमच्याने किंवा पोळीवर पातळ पसरवून द्यावा, बसवून द्यावा आणि मोठ्या माणसाने समोर असावे.

अडकलेच आणि मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. तोंडात बोट घालून चाचपडू नये, त्याने दाणा आणखी खाली जातो. खोकता येत नसेल, आवाज फुटत नसेल, तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच ठोसे द्यावेत. वर्षाच्या आतले बाळ असेल तर हातावर पालथे, डोके खाली करून ठोसे द्यावेत आणि मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. वर्षावरील मुलाला मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके. आळीपाळीने हे सुरू ठेवावे आणि दुसऱ्या कोणी १०८ लावावा.

फसवे असते ते यानंतरचे. ठसका लागतो, मूल निळे पडते, मग शांत होते आणि घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. दाणा खाली एका बाजूच्या नळीत जाऊन बसलेला असतो. तिथे तो फुगतो, त्याच्या तेलाने नळीला सूज येते, आणि आठवड्याभरात खोकला, घरघर, ताप सुरू होतो. दाणा एक्स-रेवर दिसत नाही. दम्याची किंवा न्यूमोनियाची औषधे चालू राहतात, दोन-तीन आठवडे निघून जातात आणि ठसक्याची गोष्ट कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. तो काढायला दुर्बीण लागते, आणि पूर्व विदर्भातल्या खेड्यांतल्या मुलांसाठी ती बहुधा नागपूरलाच. आधी पवनी, मग भंडारा, मग तिथे, असे टप्पे खाताना मुलाचे फुप्फुस वाट पाहत नाही. अंगणवाडीच्या पालकसभेत हातांवर ठोसे देऊन दाखवायला अर्धा तास पुरतो आणि त्याला निधी लागत नाही. आशाताईंनी घरभेटीत खोकल्याच्या मुलाबद्दल एक प्रश्न वाढवावा : याआधी कधी दाणा, चणा किंवा सुपारी खाताना ठसका लागला होता का? आणि लागला असेल तर आई-वडिलांनी तो डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावा, त्यांनी विचारले नाही तरी.