आश्रिताला अंतर देऊ नये

आपल्या घरी एखादा कुत्रा असावा, असे बहुतेक मुलांना केव्हा ना केव्हा वाटतेच. माझ्या पुतण्यालाही तसे वाटले. वाढदिवसाला एक महिना उरला असताना त्याने हट्ट धरला, की यंदा मला दुसरे काही नको; कुत्र्याचे एक पिल्लू हवे. पिल्लू कोणते हवे, हेही त्याने ठरवून टाकले होते. दाट केसांचे, निळ्या डोळ्यांचे, बर्फाळ प्रदेशातील जातीचे एक पिल्लू त्याने कोठल्याशा चित्रफितीत पाहिले होते. त्याची किंमत ऐकताच त्याच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. तेव्हा मी मध्ये पडलो आणि म्हणालो, "विकत घेण्याआधी आपण एकदा प्राण्यांच्या निवाऱ्यात तरी जाऊन येऊ."

शहराबाहेरचा तो निवारा म्हणजे पत्र्याच्या छपराखालची जाळीच्या दारांची एक लांब ओळ होती. आम्ही आत पाऊल टाकताच एकच गलका उडाला. जाळ्यांमागे शेपट्या हलू लागल्या. कोणाचा पाय मोटारीखाली सापडून अधू झालेला, कोणाच्या अंगावर खरजेचे जुने वण. परंतु नव्या माणसाला पाहण्याचा आनंद मात्र सर्वांना सारखाच. केवळ एका कोपऱ्यात तांबूस रंगाची एक वयस्क कुत्री भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती उठली नाही, भुंकलीही नाही. तेथील सेवकाने सांगितले, "हिला दोनदा लोक घेऊन गेले आणि दोनदा परत आणून सोडले. पहिल्या घरी बाळ जन्मले, तेव्हा हिची अडचण होऊ लागली. दुसऱ्या घरच्यांची बदली झाली. आता कोणीही आले तरी ती उठत नाही."

पुतण्या बराच वेळ त्या जाळीपाशी उभा राहिला. परतताना त्याने निळ्या डोळ्यांच्या पिल्लाचे नावही काढले नाही. "काका, तिची काय चूक होती?" एवढेच त्याने विचारले. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पुढे मी जे लिहीत आहे, ते त्या प्रश्नाचेच उत्तर होय.

निवाऱ्यातून कुत्रा आणणे, याला आपण 'दत्तक घेणे' म्हणतो. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. बाजारातून आपण खुर्ची आणतो, घड्याळ आणतो. ती नकोशी झाली, की विकून टाकतो. त्यात कोणाचे काही बिघडत नाही. दत्तक आलेल्या मुलाचे तसे नसते. ते ज्या घरात येते, त्या घराचे होते. घराचे नाव त्याला मिळते आणि घरातील सुखदुःखाचा वाटाही त्याच्याकडे येतो. विकत घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क असतो. दत्तक घेतलेल्या जिवाचा आपल्यावर हक्क असतो. हा भेद ज्याला उमगला नाही, त्याने निवाऱ्याची पायरी चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या पूर्वजांना हा भेद चांगला ठाऊक होता. महाभारताच्या अखेरीस पांडव महाप्रस्थानाला निघाले, तेव्हा एक कुत्रा त्यांच्यामागून चालू लागला. वाटेत द्रौपदी पडली, एकामागून एक भाऊ पडले. कुत्र्याने मात्र धर्मराजाची सोबत सोडली नाही. शेवटी इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, की कुत्र्याला येथेच सोड आणि स्वर्गात चल. धर्मराजाने ते मानले नाही. जो विश्वासाने आपल्या आश्रयाला आला, त्याचा त्याग करणे हे महापाप आहे, असे त्याने इंद्राला ऐकवले. त्या कुत्र्याला त्याने खाऊ घातले किंवा कुरवाळले, म्हणून ही कथा आपण सांगत नाही. स्वर्गाचे दार उघडे असतानाही त्याने आश्रिताला अंतर दिले नाही, म्हणून ती सांगतो. जवळ करणे सोपे असते. न सोडणे कठीण असते.

ही भावना केवळ पुराणात राहिली आहे, असेही नाही. इ. स. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत मोठी खळबळ उडाली. सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि दर कुत्र्यामागे इनाम ठेवले होते. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. त्यामुळे पारशी लोक खवळून रस्त्यावर उतरले. इतर समाजांतील लोकही त्यांना येऊन मिळाले आणि दुकाने बंद झाली. त्या प्रसंगी जो दंगा झाला, त्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु त्यातून एक चांगली गोष्टही निघाली. १८३४ साली जमशेटजी जिजीभाई प्रभृती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाला आणि निराधार जनावरांना आसरा मिळाला. आजचे निवारे हे त्याच परंपरेतील होत. पुढे १९६० साली आपल्या संसदेने प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. पाळलेले जनावर उपासमारीच्या स्थितीत वाऱ्यावर सोडून देणे हा या कायद्याने गुन्हा ठरला आहे. १९७६ साली राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत सर्व प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हेही एक कर्तव्य सांगितले आहे.

आता कोणी विचारील, की कुत्रा पाळावयाचाच, तर तो विकत का आणू नये? याचे पहिले उत्तर आपल्या हवेतच आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून आपले शरीर थंड राखतो. बर्फात राहण्यासाठी ज्याच्या अंगावर निसर्गाने दुहेरी केसांची दुलई घातली, त्याला विदर्भाच्या वैशाखात आणून ठेवणे म्हणजे आपल्या हौसेची शिक्षा त्याला देणे होय. चपट्या नाकाच्या जातींचे हाल याहून वेगळे नाहीत. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत 'पग' जातीचा एक कुत्रा एका मुलामागून धावताना दिसला आणि घरोघरी त्या जातीचा ध्यास लागला. परंतु आखूड नाकामुळे या बिचाऱ्यांना मोकळा श्वास घेणेही जड जाते, हे जाहिरातीत कोणी सांगितले नव्हते. याउलट आपला गावठी कुत्रा येथल्या उन्हापावसातच वाढलेला असतो. त्याला आपली हवा मानवते आणि भाकरीचा तुकडाही तो आनंदाने खातो.

दुसरे उत्तर असे, की निवाऱ्यातील जागा मोजकी असते. तेथून एक कुत्रा घरी गेला, की रस्त्यावर विव्हळणाऱ्या दुसऱ्या एका जिवाला ती जागा मिळते. म्हणजे आपण एकाला घर देतो आणि दोघांचे प्राण वाचवितो.

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात, त्यांचाही विचार केला पाहिजे. आपल्या देशात कित्येक माणसे अर्धपोटी राहत असताना कुत्र्यांचे लाड कशाला, असे काही जण म्हणतात. हा प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु दया ही काही रांजणातल्या पाण्यासारखी नव्हे, की एकाला दिली म्हणजे दुसऱ्याला उरत नाही. ती वापराने वाढते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. त्या नामदेवांच्या दारातून माणूस उपाशी गेला असेल, असे कोणाला वाटत नाही.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो खोटा नाही. रेबीज हा भयंकर रोग आहे. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि माणसाला हा रोग बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातूनच होतो. म्हणून कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. परंतु याच भीतीतून दत्तकाचे महत्त्व सिद्ध होते. ज्या कुत्र्याला मालक आहे, वेळेवर लस आहे आणि ज्याचे निर्बीजीकरण झाले आहे, त्याच्यापासून गल्लीला फारसा धोका उरत नाही. अर्थात, केवळ दत्तक घेतल्याने भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सुटेल, असे मी म्हणत नाही. त्यासाठी निर्बीजीकरण, लसीकरण आणि रस्त्यांवरील उकिरड्यांची सफाई ही कामे नगरपालिकांनीच नेटाने केली पाहिजेत.

खरा धोका या आक्षेपांत नाही. तो आपल्या उतावळेपणात आहे. कुत्रा दहाबारा वर्षे जगतो, क्वचित पंधराही. आज सहावीत असलेला मुलगा महाविद्यालयातून बाहेर पडेल, तेव्हाही तो कुत्रा दाराशी असेल. म्हातारा झालेला, डोळ्यांनी अधू. त्या वेळी त्याला कोण फिरवील? मे महिन्यात सारे घर गावी जाईल, तेव्हा त्याची व्यवस्था काय? घरमालकाची संमती आहे काय? आजीला त्याचे केस आणि भुंकणे सोसेल काय? लशींचा आणि औषधांचा खर्च दरवर्षी झेपेल काय? ही उत्तरे आधी शोधावी आणि मगच निवाऱ्यात जावे. उत्तर 'नाही' असे आले, तर कुत्रा न आणणे हीच दया होय. अशा मुलाने सुटीच्या दिवशी निवाऱ्यात जाऊन हातभार लावावा किंवा अंगणात पाण्याचे एक भांडे भरून ठेवावे. तेही थोडे काम नव्हे.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली व आसपासच्या भटक्या कुत्र्यांविषयी आदेश देताना सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व सांगितले. प्राणिप्रेमी नागरिकांना अर्ज करून रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेता येईल. परंतु तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी त्यांचीच राहील, अशी अट न्यायालयाने घातली. धर्मराजाने इंद्राला जे सांगितले, तेच न्यायालयाने निराळ्या शब्दांत सांगितले आहे.

माझ्या पुतण्याचा वाढदिवस त्या वर्षी कुत्र्यावाचूनच पार पडला. घरातील सर्वांनी तीन महिने विचार केला, कामे वाटून घेतली आणि मग एका रविवारी आम्ही पुन्हा त्या निवाऱ्यात गेलो. तांबूस कुत्री त्याच कोपऱ्यात होती. घरी आल्यावर पहिले तीन दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. कोणी तिला ओढले नाही. पुतण्या फक्त तिच्याजवळ जमिनीवर बसून आपला अभ्यास करीत असे. तिसऱ्या आठवड्यात ती प्रथमच भुंकली, तेव्हा घरात सणासारखा आनंद झाला.

आता ती आमच्यात पुरती रुळली आहे. तरी एक गोष्ट अजून जात नाही. घरात कोणी प्रवासाची पेटी भरू लागला, की ती खाणे टाकते आणि उंबरठ्यावर आडवी पडून राहते. दुसऱ्या घराची बदली ती विसरलेली नाही. पुतण्या तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवितो आणि आम्ही परत येईपर्यंत तिच्याजवळ कोणी तरी राहील, अशी तजवीज करतो. तिची काय चूक होती, असे तो आता विचारीत नाही. तिची काहीच चूक नव्हती. चूक दिलेले वचन मोडणाऱ्यांची होती, हे त्याला कळून चुकले आहे. दारात येणाऱ्या मुक्या जिवाला आपण जे वचन देतो, ते ऐकणारा दुसरा कोणी साक्षीदार नसतो. म्हणूनच ते अधिक काळजीने पाळावयाचे असते.