पूर्ववत म्हणजे नेमकं कसं?

पाईपलाईनचं काम पूर्ण झालं, असं कधी म्हणायचं? पाईप जमिनीत गेला तेव्हा? नळाला पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा? की ज्या रस्त्याचं पोट फाडून तो पाईप टाकला, तो रस्ता पुन्हा माणसांच्या पायाखाली आला तेव्हा? आमच्या शहरात याचं उत्तर ठरलेलं आहे. पाईप मातीखाली गेला, फोटो निघाला, बिल मंजूर झालं की काम पूर्ण. त्यानंतर उरतं ते रहिवाशांचं नशीब.

आमच्या मोहल्ल्यातला मुख्य रस्ता रमजानच्या आधी खोदला. 'ईदच्या आत बुजवून देतो' असा शब्द मिळाला होता. ती ईद गेली, बकरी ईद गेली, पावसाळाही सरला. चर बुजवला, पण कशाने, तर त्यातूनच निघालेल्या काळ्या मातीने आणि फोडलेल्या सिमेंटच्या ढेपांनी. पहिल्या पावसात ती माती खाली बसली आणि रस्त्याच्या मधोमध घोट्याएवढ्या खोलीचा ओहोळ तयार झाला. रिक्षा नाक्यावरच थांबते. पिठाच्या गिरणीत डबा न्यायचा तर मागच्या गल्लीतून वळसा. त्या आठवड्यांत दोन जनाजे निघाले, तेव्हा खांदा देणाऱ्यांना फळीवरून पाय जपून टाकावा लागला. माझ्या वर्गातली मुलं गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन येतात आणि हजेरीच्या वेळी आधी पाय धुवायला जातात. यावर काही बोललं की एकच वाक्य ऐकू येतं, साहेबांकडूनही आणि आपल्याच माणसांकडूनही: 'पानी होना ना बाजी? तो थोडा सहो.'

माझं भांडण या वाक्याशी आहे. पाणी आणि रस्ता यांतलं एकच मिळेल, हे कुणी ठरवलं? आणि ही सोसण्याची यादी नेहमी आमच्याच गल्ल्यांपासून का सुरू होते?

भाषा शिकवणारीला शब्दाची चिकित्सा केल्याशिवाय राहवत नाही. सरकारी मराठीत अशा कामाच्या शेवटी लिहिलेलं असतं, 'रस्ता पूर्ववत करणे'. पूर्ववत, म्हणजे पूर्वीसारखा. पण पूर्वीचा म्हणजे कधीचा? खोदण्याच्या आदल्या दिवशीचा, की वीस वर्षांपूर्वी डांबर पडलं त्या दिवशीचा? शब्द इतका गुळगुळीत आहे की त्याला धरायला कुठे खाचच नाही. उर्दूत आम्ही 'बहाल' म्हणतो, म्हणजे मूळ हालतीत आणलेला. त्यात एक 'ये' जादा घातला की तोच शब्द 'बेहाल' होतो. आमच्या रस्त्याच्या बाबतीत ठेकेदाराने तो 'ये' अगदी न चुकता घातला आहे.

आता कुणी म्हणेल, बाई, रस्त्याचं दुखणं ते केवढं, पाईप तर चांगला पडला ना? इथेच खरी मेख आहे. पाईप आणि रस्ता या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. पाईपखाली वाळूची किंवा बारीक मुरुमाची बैठक हवी, वर थराथराने भर टाकून प्रत्येक थर दाबायला हवा. तसं केलं नाही तर भर असमान खचते आणि तिचा ताण थेट सांध्यांवर येतो. त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, दर वर्षी, न चुकता. सांधा ढिला झाला की पाणी गळतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. नळ बंद असतो तेव्हा पाईपातला दाब उतरतो आणि त्याच ढिल्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार जात असेल तर गटाराचं. कावीळ आणि टायफॉईड या वाटेनेच घरात येतात. तेव्हा नीट न बुजवलेला चर म्हणजे फक्त दचके नव्हेत. पाणी देतो म्हणून सांगून दिलेलं ते दूषित पाणी आहे.

आणि ही झाली नेहमीच्या दिवसांची गोष्ट. जमीन हलली तर?

'इथं कुठं भूकंप?' असं म्हणणाऱ्यांनी मराठवाड्यात राहून तरी ते म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हलली, तेव्हा देशाच्या भूकंप नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जवळपास दहा हजार माणसं गेली. नकाशा नंतर बदलला, लातूर वरच्या पट्ट्यात गेलं. त्याआधी १९६७ मध्ये कोयनेने हाच धडा दिला होता. जमिनीत टाकलेला पाईप पन्नास वर्षं तरी तिथे राहणार असतो. त्या पन्नास वर्षांत इथे काहीच होणार नाही, अशी हमी कोणता अभियंता देईल?

जगातल्या काही शहरांनी ही अक्कल फार महागात विकत घेतली. सॅन फ्रान्सिस्कोत १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे भूकंप झाला. शहराची राखरांगोळी मात्र केली ती नंतरच्या आगीने. शहराकडे पाणी आणणाऱ्या आणि शहरातल्या वाहिन्या फुटल्या, आग विझवणाऱ्यांनी नळ उघडले तर पाणीच नाही. आग तीन दिवस पेटत राहिली आणि सुमारे २८ हजार इमारती गेल्या. त्यानंतर त्या शहराने आगीसाठी वेगळी पाणीव्यवस्था उभी केली. चौकाचौकांखाली हौद बांधले. आज असे दीडशेहून अधिक हौद तिथे आहेत आणि रस्त्यावर विटांचं गोल कडं दिसलं की खाली हौद आहे हे समजतं. तरीही १९८९ च्या भूकंपात भराव टाकलेल्या मरीना भागात वाहिन्या पुन्हा फुटल्या, आणि समुद्रातल्या अग्निशमन नौकेने खाडीचं पाणी उपसून आग आटोक्यात आणली. पुढे या शहराने डोंगरातून येणाऱ्या आपल्या पाणीव्यवस्थेच्या मजबुतीसाठी अब्जावधी डॉलर खर्च केले. उद्दिष्ट काय ठेवलं होतं, तर मोठ्या भूकंपानंतर चोवीस तासांत पाण्याची मूलभूत सेवा सुरू व्हावी. आमच्याकडे भूकंप नसताना आठ दिवसांनी पाणी येतं, ते सोडून देऊ.

अशा कामांसाठी तिथेही रस्ते खोदावेच लागतात. तिथली माणसंही वैतागतात, दुकानंही बुडतात. अमेरिका म्हणजे स्वर्ग, असं मला मुळीच म्हणायचं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हॅन नेस या मोठ्या रस्त्यावर बसची स्वतंत्र मार्गिका करताना खालच्या जुन्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या बदलल्या, आगीसाठीची ती खास वाहिनीही बदलली. काम २०१९ मध्ये संपायचं होतं, बस धावली एप्रिल २०२२ मध्ये. दुकानदार अक्षरशः टेकीला आले. पण पुढे काय झालं ते पाहा. सामान्य नागरिकांमधून निवडलेल्या एका ज्यूरीने २०२१ मध्ये अहवाल काढून चारचौघांत सांगितलं की जमिनीखाली नेमकं काय आहे याची पुरेशी तपासणी आधी केलीच नव्हती. दिरंगाई त्यांच्याकडेही झाली, पण दिरंगाईचं कारण कागदावर आलं, लोकांना वाचायला मिळालं. त्याच शहरात आणखी एक नियम आहे. नवा रस्ता केला की पाच वर्षं तो खोदायला बंदी. आमच्याकडे सिमेंटचा रस्ता होतो, उद्घाटनाचा फलक अजून टांगलेला असतो आणि त्याच फलकाखाली जेसीबी उभा राहतो.

पण मला सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा कोबे जवळचं वाटतं. जपानमधली पहिली मशीद तिथली. १९३५ मध्ये उघडली, आणि ती बांधायला पैसा देणाऱ्यांत आपल्याकडून तिथे गेलेले हिंदुस्थानी मुस्लीम व्यापारी होते. १९४५ च्या बॉम्बवर्षावात ती टिकली, १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपातही टिकली. आपल्याकडे कोबेच्या मशिदीची एवढीच गोष्ट फिरते, 'देखो, मस्जिद खडी रही.' अल्हमदुलिल्लाह. पण शहराचं काय झालं, हे फॉरवर्ड करणारा सांगत नाही.

त्या भूकंपात सहा हजार चारशेहून अधिक माणसं मेली. सर्वांत भीषण आगी लागल्या त्या नागाता भागात. चिंचोळ्या गल्ल्या, जुनी लाकडी घरं, घरोघरी चप्पल-बुटांचे छोटे कारखाने, कोरियन आणि व्हिएतनामी वंशाची कष्टकरी वस्ती. वर्णन ओळखीचं वाटतं ना? तिथेही आगीच्या वेळी नळ कोरडे पडले. पाईप तुटले त्याहून जास्त ठिकाणी ते सांध्यातून निसटले होते. सगळ्या शहराला पुन्हा पाणी मिळायला दोन महिन्यांहून जास्त काळ गेला. मात्र ज्या वाहिन्यांचे सांधे थोडे सरकतील, ताणतील पण निसटणार नाहीत अशा बनावटीचे होते, त्या टिकल्या. तसेच पाईप पुढे लॉस एंजेलिसनेही बसवायला सुरुवात केली. त्या शहराने आपला भूकंप बरोबर एक वर्ष आधी, १७ जानेवारी १९९४ ला पाहिला होता. चर उघडा असतानाच चांगला सांधा बसवला तर स्वस्त पडतो. नंतर त्यासाठी पुन्हा सगळा रस्ता फोडावा लागतो.

नागातामधला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग याच्या पुढचा आहे. भूकंपाला दोन महिने होतात न होतात तोच प्रशासनाने रुंद रस्त्यांचा आणि नव्या वस्तीचा आराखडा मंजूर करून टाकला. लोक तंबूत आणि शाळांत होते, आणि त्यांच्या गल्लीचा नकाशा त्यांना न विचारता ठरला. लोक भडकले. मग गल्लोगल्ली रहिवाशांच्या समित्या बसल्या आणि तपशील त्यांच्याशी बोलून ठरवावे लागले. त्याच नागातामधल्या मानो वस्तीत हे नवं नव्हतं. कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध ही वस्ती १९६० च्या दशकापासून संघटित होती, आणि भूकंपाच्या दिवशी रहिवाशांनी शेजारच्या कारखान्यातल्या कामगारांसोबत आग अडवून धरली. उलट, जिथे टोलेजंग इमारती उभ्या केल्या, तिथे जुने छोटे दुकानदार परतलेच नाहीत आणि गाळे रिकामे राहिले. रस्ता रुंद झाला, पण ज्यांच्यासाठी केला ती माणसं पांगली.

हे आपणही पाहिलं आहे. किल्लारीनंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली. घराचा आकार ठरला जमिनीवरून: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. भूकंपाने ज्याचं सगळं नेलं त्याला कमी, कारण त्याच्याकडे आधीच कमी होतं! जुन्या गावात भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी नव्या गावाच्या दोन टोकांना गेले. रस्ते सरळ, रुंद, आखीव. आणि म्हातारी माणसं ओट्यावर बसायला ओटा शोधत फिरत होती. या पूर्ववत करण्यात पूर्वीचं काय उरलं, ते तुम्हीच सांगा.

आता थोडं आपल्या घरचं. खड्डा दिसला की आपल्यात दोन सूर निघतात. एक, 'मुसलमानांचा मोहल्ला आहे म्हणून असं करतात.' दोन, 'साहेबांना नाराज करू नका, आहे तेही जाईल.' पहिल्यात तथ्य आहे. स्टेशनरोडचा चर चार दिवसांत डांबरासकट बुजला, आमचा नाही, हे मी रोज चालून पाहते. पण तेवढं म्हणून थांबलं की ठेकेदार सुटतो. भेदभावाची तक्रार हवेत विरते. 'भर किती थरांत दाबली, चाचणी कधी घेतली, दोषदायित्वाचा कालावधी किती, रस्त्याच्या पूर्ववतीकरणाची रक्कम अदा झाली का' या प्रश्नांना मात्र उत्तर लेखी द्यावं लागतं. दुसरा सूर तर निव्वळ लाचारीचा आहे. पाणीपट्टी आपण भरतो, मेहरबानी कसली? आणि तिसरी गोष्टही बोलायला हवी. चर उघडा असताना रात्री ज्यांनी आपला जोड गुपचूप मारून घेतला, ज्यांनी ओटा दोन फूट पुढे ओढला, जे नळाला थेट मोटर लावून शेजाऱ्याचं पाणी ओढतात, त्यांनी सांधा ढिला झाल्याची ओरड करू नये. जुम्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी यावर दोन वाक्यं बोलली तर नगरसेवकाच्या दहा भेटींपेक्षा जास्त उपयोग होईल, असं माझं मत आहे. शेजाऱ्याचा हक्क हा काही परका विषय नव्हे.

मागणी साधी आहे. शेवटचं बिल रस्ता झाल्याशिवाय निघू नये. रस्ता बंद करण्याआधी गल्लीच्या तोंडाशी तीन भाषांत फलक लागावा: काम कुणाचं, किती दिवसांचं, पर्यायी वाट कोणती, तक्रार कुणाकडे. रुग्णवाहिका, जनाजा आणि शाळेतली मुलं जातील एवढी वाट रोज संध्याकाळी मोकळी करून द्यावी. भर दाबल्याची चाचणी रहिवाशांसमोर व्हावी. नवी वाहिनी टाकतच असाल, तर तिचे सांधे जमीन हलली तरी निसटणार नाहीत असे आहेत का, हे निविदेतच लिहा.

वर लिहिलेले चार प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात टाकून मी मागच्या आठवड्यात दिले आहेत. दहा रुपयांचं तिकीट लागतं, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जाचा मजकूर मराठीत आणि उर्दूत शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवला आहे. गल्लीचं नाव बदलून कुणीही वापरावा, मला विचारण्याची गरज नाही.