आत्मा ईएमआयवर मिळत नाही

"खरा बीट हार्डवेअरवरच होतो" हे वाक्य पुन्हा ऐकलं तर मी कीबोर्ड फेकून मारीन. परवा आमच्या टीममधला एक पोरगा जुन्या सॅम्पलरसाठी चक्क कर्ज काढायला निघाला. म्हणे, त्यात 'आत्मा' आहे!

अरे बाबा, कसला आत्मा? १९८७ चा ई-म्यू एसपी-१२०० घ्या. १२ बिट, जेमतेम १० सेकंदांची मेमरी. जागा पुरेना म्हणून लोक ३३ ची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल करायचे आणि मग मशीनमध्ये सूर खाली उतरवायचे. तो खरखरीत आवाज या काटकसरीतून आला. आणि एमपीसीचा तो प्रसिद्ध स्विंग? दर दुसरा सोळांश ठोका जरा उशिरा. दोन ओळींचा कोड!

नाइन्थ वंडरनं जे-झीच्या 'द ब्लॅक अल्बम'मधलं (२००३) 'थ्रेट' फ्रूटीलूप्सवर केलं. ऐकून सांगा, आत्मा कुठे कमी पडला?

मान्य, सॉफ्टवेअरमध्ये पर्याय इतके की अख्खी रात्र प्लगिन चाळण्यात जाते आणि बीट शून्य. माझंही होतं. पण त्यावर उपाय शिस्त आहे, कर्ज नव्हे. स्वतःला दहाच सेकंदांचं सॅम्पल द्या, बाकी सगळं बंद. फुकट आहे, करून बघा.

पोरगा ऐकेल असं वाटत नाही. असो.