खेळ मांडायचा, तर...

२०२५च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हिडिओ गेम, कॉमिक्स आणि त्यांच्या भाऊबंद उद्योगांसाठी एक धोरण मंजूर केले. २०५०पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आणि दोन लाख रोजगारांचे उद्दिष्ट, असे आकडे त्यात आहेत. त्याआधी जुलैत मुंबईत, पेडर रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या आवारात, याच विद्या शिकवणारी एक राष्ट्रीय संस्था सुरू झाली होती. मधल्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. म्हणजे तीन महिन्यांत सरकारने जुगार बाजूला काढला आणि खेळाला उद्योगाच्या पंगतीत पाट मांडून दिला. चांगलेच झाले. पण सरकार पाट मांडते तेव्हा जेवायला सर्वांत आधी कोण येऊन बसतो, हे मी बँकेतल्या नोकरीत बरेचदा पाहिले आहे.

आधी बसतो तो क्लासवाला. या शतकाच्या पहिल्या दशकात ॲनिमेशनची अशीच लाट आली होती. आमच्या शाखेत एक एसटी वाहक मुलाच्या शैक्षणिक कर्जासाठी आले. सोबत एका खासगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक. त्यात शिकवणार काय, तर सोळा सॉफ्टवेअरांची नावे. चित्र, गोष्ट, माणसे यांचा कुठे उल्लेखही नव्हता. मुलगा गप्प होता. तुला काय येते, असे विचारल्यावर त्याने पिशवीतून एक वही काढली. वडिलांची ड्यूटी संपेपर्यंत स्थानकावर बसून काढलेली माणसे तिच्यात होती : पुडके उशाला घेऊन झोपलेला म्हातारा, बस सुटताना एक चप्पल हातात घेऊन धावणारी बाई. नियमांत बसत होते, कर्ज मंजूर झाले. दीड वर्षात संस्थेने गाशा गुंडाळला. हप्ते मात्र वडिलांच्या पगारातून शेवटपर्यंत वेळेवर येत राहिले. मुलगा लग्नाचे अल्बम मांडून देऊ लागला. सोळापैकी किती सॉफ्टवेअर आज वापरात आहेत, कोण जाणे. ती वही मात्र आजही कोणत्याही गेम बनवणाऱ्याने उत्सुकतेने चाळली असती.

आता पुन्हा लाट येते आहे, आणि घराघरांत प्रश्न तोच आहे : पोराला गेम बनवायचे आहेत, तर त्याला काय यायला हवे? उत्तरे दोनच ऐकू येतात. एक, त्याला कोडिंग यायला हवे. दोन, तो दिवसरात्र खेळतोच, म्हणजे त्याला जमेल. पहिले अर्धेच खरे आहे. दुसऱ्याबद्दल एवढेच म्हणता येईल, की रोज हॉटेलात जेवणारा प्रत्येक जण आचारी होत नाही.

जपानच्या शिगेरू मियामोतोचे उदाहरण घ्या. ‘सुपर मारिओ’ आणि ‘झेल्डा’ या खेळांचा हा जनक प्रोग्रॅमर नव्हता. तो कलाशाळेत औद्योगिक रचना शिकलेला. १९८५च्या ‘सुपर मारिओ’चा पहिला टप्पा कुणा जाणत्याबरोबर बसून पाहावा. कुठेही सूचना नाही. समोरून एक खत्रूड प्राणी चालत येतो. उडी मारायची हे कळले नाही, तर तुम्ही मरता. पण सुरुवातीलाच मेल्याने नुकसान काहीच होत नाही. पुढे ठोकळ्यातून एक अळंबे निघते, दूर जाते, नळावर आपटते आणि उलटे तुमच्याकडे येते. पहिल्या प्राण्याने धडा शिकवलेला असल्यामुळे तुम्ही ते चुकवू पाहता. पण तिथे जागाच अशी ठेवली आहे, की ते तुम्हाला बहुधा लागतेच. आणि लागल्यावर कळते, की हे औषध आहे. न भेटलेल्या माणसाला भीती कुठे वाटेल, कुठे तो घाईत चुकेल, चुकल्यावर रागावून निघून जाईल की पुन्हा बसेल, याचा विचार त्या चार इंचांत केलेला आहे.

आमच्या धंद्यात याला पैसे भरायची स्लिप म्हणत. काउंटरवर बसलेल्याला ठाऊक असते, की शंभरातली साठ माणसे एकाच रकान्यात चुकतात. बहुतेक अधिकारी त्या माणसांवर ओरडतात. एखादाच म्हणतो, की साठ माणसे एकाच जागी चुकत असतील, तर स्लिप चुकली आहे. खेळ बनवायला लागतो तो हा एखादा. गेम तयार होत असताना परक्या माणसाला खेळायला बसवतात आणि बनवणाऱ्याने मागे उभे राहून फक्त पाहायचे असते. ‘अहो, तो दरवाजा डावीकडे आहे’ हे ओठांवर आलेले वाक्य गिळायचे. तरुणांना ते फार जड जाते. साठी उलटलेल्यांनाही जातेच म्हणा.

कारकुनी जगातूनही उत्तम खेळ निघतो, याचा पुरावा म्हणजे अमेरिकेच्या लुकास पोपचा २०१३चा ‘पेपर्स, प्लीज’. खेळणारा एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा तपासनीस. पारपत्र, शिक्का, मुदत, फोटो जुळवून माणसे आत सोडायची. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून दंड. पगार तपासलेल्या माणसांच्या संख्येवर. त्यातून घरभाडे, जेवण, आजारी मुलाचे औषध. समोरच्या बाईचा एक कागद कमी आहे आणि तिचा नवरा आधीच आत गेला आहे. शिक्का मारायचा की नाही? काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. त्याच पोपच्या २०१८च्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा तपासनीस असता आणि साठ माणसांचे काय झाले, हे वहीत भरत जाता. खातेवही भरण्यात एवढा थरार असतो, हे आमच्या ऑडिटरांना कळले असते तर!

हिशेब मात्र खेळाच्या आतही लागतो. बहुतेक खेळांत नाणी मिळतात आणि खर्च होतात. मिळण्याच्या वाटा जास्त आणि खर्चाच्या कमी झाल्या, की महागाई येते, तलवारीला किंमत उरत नाही आणि खेळणारा कंटाळतो. ‘ईव्ह ऑनलाइन’ चालवणाऱ्या आइसलँडच्या कंपनीने २००७मध्ये चक्क अर्थतज्ज्ञ नेमला. अमेरिकेच्या ‘व्हॉल्व्ह’ने २०१२मध्ये यानिस वारुफाकिस यांना बोलावले, ते २०१५मध्ये ग्रीसचे अर्थमंत्री झाले. दोन्हींपैकी कुठली अर्थव्यवस्था सांभाळणे सोपे, हे त्यांनाच विचारायला हवे. वाणिज्य शाखेच्या मुलांना या उद्योगात आपले काय काम, असे वाटते. तिकडे खरेच जागा आहे.

लेखकांनाही आहे. एस्टोनियाच्या रॉबर्ट कुर्विट्झची कादंबरी २०१३ साली आली आणि खपली नाही. (या अनुभवाबद्दल मला कुणी काही शिकवू नये.) तेच कल्पित जग घेऊन त्याने आणि मित्रांनी २०१९मध्ये ‘डिस्को एलिझियम’ आणला. स्मृती गेलेला एक पोलीस आणि त्याच्या डोक्यात भांडणारे चोवीस आवाज. संहिता दहा लाख शब्दांहून मोठी. तिथे लागणारी लेखणी आपल्या सवयीहून वेगळी : एकाच प्रश्नाला चार उत्तरे लिहायची, आणि वाचणारा त्यांतले एकच वाचणार हे सोसायचे. पुढे कुर्विट्झ त्या कंपनीबाहेर पडल्याचे २०२२मध्ये जाहीर झाले आणि वाद न्यायालयात गेला. तेव्हा कराराचा कागद वाचता येणे हेही या यादीत लिहून ठेवावे.

आणि घरचे ज्ञान? टोरांटोत बनलेला २०२३चा ‘वेनबा’ हा खेळ कॅनडात गेलेल्या तमिळ आईचा आहे. आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीवरून इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, इथून सुरुवात. पुण्यात बनलेल्या ‘राजी’चे चित्रण पहाडी शैलीवरून आणि राजस्थानी वास्तूंवरून उभे राहिले. त्यासाठी लोकांकडून निधी गोळा करण्याचा २०१७चा प्रयत्न फसला होता. खेळ २०२०मध्ये आला. मधली तीन वर्षे हीच खरी परीक्षा. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोनने एकट्याने चार वर्षांहून अधिक काळ खपून केला, चित्रे आणि संगीतासकट; सोबत नाट्यगृहात अर्धवेळ नोकरी. सुरू केलेले संपवणे, आणि त्यासाठी आवडता भाग कापून टाकणे, हे कौशल्य कुठल्या माहितीपत्रकात छापता येत नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरात चार वर्षे कुणी पोसायचे, हा प्रश्न धोरणाला विचारला पाहिजे. नोकरीचा भरवसा धरावा, तर मायक्रोसॉफ्टने २०२३च्या ऑक्टोबरात ६९ अब्ज डॉलर मोजून ‘ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड’ घेतली आणि तीन महिन्यांत गेम विभागातल्या १,९०० जणांना घरी पाठवले.

म्हणून राज्याचा पैसा संगणकांच्या खोल्यांवर जाणार असेल, तर त्यातला थोडा लहान चमूंना वर्ष-दीड वर्षाच्या उदरनिर्वाहासाठी जावा. प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेबरोबर वहीही मागावी. कर्ज देणाऱ्या बँकांनी संस्थेला विचारावे, की तुमच्या मुलांनी पूर्ण केलेला एक खेळ दाखवा, आम्ही इथेच बसून खेळतो.

ज्या घरात अर्ज भरायचा विचार चालू आहे, त्यांना बिनखर्चाची एक चाचणी सांगतो. मोक्षपटाच्या कुळातली सापशिडी घरात असेलच. मुलाने तिचा एकच नियम बदलावा. साप चावल्यावर खाली जायचे की एक डाव थांबायचे, याची निवड खेळणाऱ्याला द्यावी, किंवा त्याला सुचेल ते. मग इमारतीतली चार पोरे बसवावीत, स्वतः तोंड मिटून बाजूला बसावे, आणि कोण कितव्या डावाला उठून गेले ते वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी नियम पुन्हा बदलावा आणि त्याच पोराला परत बोलावून पाहावे, येते का.