शीड चिनी, होडी आपली

मी माणदेशातला. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं. शिडाची होडी मी पहिल्यांदा पाहिली ती खडकीला सॅपर म्हणून भरती झाल्यावर. असा माणूस आज भोपाळच्या पोस्टिंगमध्ये, बड्या तलावाच्या काठी बसून होड्यांवर मत मांडतोय हे वाचून गावाकडची मंडळी हसतील. हसू देत. मत मात्र ठाम आहे. आपल्याकडे शेडमध्ये ज्या जुन्या, लहान शिडाच्या होड्या धूळ खात पडल्यात, त्यातल्या एक-दोन तरी चिनी पद्धतीच्या शिडाच्या करून घ्याव्यात. त्या शिडाला 'जंक रिग' म्हणतात.

हे मत पुस्तकं वाचून झालेलं नाही. ते पाजीमुळे झालं.

पाजी माझा जुना बडी, पंजाबचा. सियाचीनच्या ड्युटीत हिमदंश झाला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. पण पाण्याचं वेड गेलं नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं होडी घेऊन निघालो होतो. दुपारपर्यंत तलाव शांत, आणि मग वळवाच्या आधी येतो तसा वारा एकाएकी सुटला. आमच्या होडीला दोन शिडं. पुढच्या शिडाचा दोर दातेरी खाचेत अडकवलेला असतो, तो झटका देऊन वर ओढला की सुटतो. पाजीच्या हातून तो सुटला नाही. होडी उलटली. बचाव बोट लगेच आली, आम्ही भिजलो, चेष्टा झाली, संपलं.

पण संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोंडी सांगण्यात आलं की पाजीने यापुढे काठावरूनच मदत करावी. पाजी संध्याकाळी चहा घेताना एवढंच म्हणाला, "उंगलियाँ बर्फ ने लीं, पानी तुम लोग ले लो."

त्या वाक्यानं मला झोप लागू दिली नाही.

आता हे चिनी शीड काय असतं ते सांगतो. त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडव्या काठ्या असतात, त्यामुळे कापडाचे पट्टे पडतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा नसतात. ती होडीच्या तळात घट्ट रोवलेली असते आणि वाऱ्यात थोडी लवते. शिडाचा काही भाग डोलकाठीच्या पुढे येतो, त्यामुळे शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना झपाट्याने डोक्यावरून फिरत नाही, दमानं जातं. शीड वर चढवायला एक दोर. प्रत्येक काठीच्या टोकाला बांधलेले बारीक दोर एकत्र होऊन हातात येतात तो दुसरा. बाकी दोर आहेत, पण चालवताना मुख्य काम या दोघांचं.

खरी गंमत वारा वाढल्यावर कळते. चढवायचा दोर सैल सोडायचा. शीड स्वतःच्या वजनानं खाली येतं आणि दोन्ही बाजूंच्या पाळण्यासारख्या दोरांत काठीवर काठी अशी घडी पडते, दुकानाचं शटर खाली यावं तशी. एक पट्टा कमी करा, दोन करा, सगळं उतरवा. पुढे सरकायचं नाही, गाठी मारायच्या नाहीत. दोन बोटांनीही होतं.

आम्ही शेडमधली सोळा फुटी फायबरची होडी मागून घेतली. तारा काढल्या. चार इंची ॲल्युमिनियमच्या पाइपची डोलकाठी केली. तिचा सगळा भार आता तारांऐवजी डेकच्या भोकावर आणि तळातल्या बैठकीवर येणार, म्हणून त्या दोन्ही जागा लाकूड आणि फायबरनं दुप्पट जाड केल्या. हे काम सोडून बाकी कुठेही कंजुषी चालते. काठ्या बांबूच्या, पाच. पहिलं शीड ताडपत्रीचं, वर्कशॉपच्या टेलरनं शिवलेलं.

पहिल्या दिवशी होडी सतत वाऱ्याकडे तोंड वळवू लागली. सुकाणू ओढून दंड भरून आले. शिडाचा जोर फार मागे पडला होता. शीड डोलकाठीवर जिथे बांधतो ते फास बदलून सगळं शीड वीतभर पुढे घेतलं, तेव्हा सुकाणू हलकं झालं. दुसऱ्या आठवड्यात एक बांबू पेऱ्यात मोडला. तो पट्टा तेवढा लोंबू लागला, बाकी शीड चालूच राहिलं आणि आम्ही आरामात काठाला आलो. सॅपरला अशी चीज आवडते. एक भाग गेला म्हणून सगळं बंद पडत नाही, आणि दुरुस्ती गावच्या बाजारात होते.

हा विचार काही माझा नवा नाही. डिसेंबर 1942 मध्ये ब्रिटिश रॉयल मरीन्सचे मेजर हॅस्लर छोट्या कनू घेऊन बोर्डो बंदरातल्या जर्मन जहाजांवर चालून गेले होते. दहा जण निघाले, हॅस्लर धरून दोघंच परतले. याच हॅस्लरनी पुढे 'जेस्टर' नावाच्या आपल्या पंचवीस फुटी होडीला चिनी शीड लावलं आणि 1960 साली एकट्यानं अटलांटिक ओलांडण्याच्या पहिल्या शर्यतीत 48 दिवसांत न्यूयॉर्क गाठून दुसरे आले. शीड वर-खाली करायला त्यांना डेकवर जावं लागत नसे, आतल्या झरोक्यात उभं राहून सगळं होई. पुढे मायकेल रिची सत्तरी ओलांडल्यावरही तीच 'जेस्टर' एकटे समुद्रावर नेत होते. म्हणजे हे शीड आळशी माणसाचं नाही. आपली ताकद कुठे खर्च करायची हे ठरवणाऱ्याचं आहे.

उणिवाही सांगतो, नाहीतर मत एकतर्फी होईल. वाऱ्याच्या दिशेने वर चढताना सपाट शिवलेलं चिनी शीड मागे पडतं. पट्ट्यांना थोडा फुगवटा ठेवून शिवलं तर फरक कमी होतो, आमचं दुसरं शीड तसंच आहे. काठ्यांमुळे वजन वाढतं, म्हणून चढवताना कप्पी लागते. आणि अशी होडी त्या वर्गाच्या शर्यतीत उतरू शकत नाही. समितीतल्या साहेबांचा मुख्य आक्षेप हाच आहे आणि तो खोटा नाही. ज्यांना पदकं आणायची आहेत त्यांच्या होड्यांना हात लावू नये. पण शेडमधल्या होड्या शर्यतीत तशाही उतरत नाहीत.

दुसरा आक्षेप कँटीनमधला. एक सुभेदार साहेब म्हणाले, "पूर्व लडाखला ज्यांच्यासमोर उभे राहिलात, त्यांचंच शीड लावता?" मी म्हटलं, साहेब, आमच्या आजीचं लोणचं चिनीमातीच्या बरणीत मुरतं. कोचीचे कोळी ज्या जाळ्यांनी मासे धरतात त्यांना चिनी जाळीच म्हणतात. हे शीड कुठल्या फौजेनं काढलेलं नाही. कमी माणसांत माल वाहायचा आणि वादळात जिवंत घरी यायचं, या गरजेतून नावाड्यांनी ते शेकडो वर्षं घडवलं. सीमेवर मी माझं काम केलंय, पुन्हा पाठवलं तर पुन्हा करीन. चांगली गाठ कुणी मारली हे विचारत बसणारा सॅपर नव्हे.

माझा मुद्दा एवढाच आहे. ड्युटीवर बोटं, गुडघे, पाठ गमावलेले जवान प्रत्येक युनिटमध्ये आहेत. त्यांना होडीच्या मापात बसवता येत नाही म्हणून आपण त्यांना काठावर बसवतो. होडी त्यांच्या मापाची करायला एक पाइप, पाच बांबू आणि थोडं कापड लागलं.

पुढच्या महिन्यात समिती निर्णय घेणार आहे. होडी जुन्या रूपात परत करा, असाही निर्णय होऊ शकतो. हुकूम आला तर तारा मी स्वतः परत बसवीन. पण त्याआधी साहेबांनी एका रविवारी सकाळी काठावर यावं, अशी माझी विनंती आहे. बचाव बोट तयार ठेवून, लाइफ जॅकेट घालून पाजी एकटा आत जातो. वारा वाढला की दोन पट्टे खाली घेतो आणि पुढे जात राहतो.

जय हिंद.