सर्कस तर सर्कस!

दोन मीटरहून उंच रॅम्पवर चार कयाक शेजारी शेजारी उभ्या. इशारा होतो आणि चौघंही एकदम, बोटीसकट, खाली फेसाळत्या पाण्यात. मग ढकलाढकली. फुगवलेल्या बोयांना वळसे घालायचे, त्यातल्या काहींना चक्क प्रवाहाविरुद्ध वर जाऊन. एका ठरावीक पट्ट्यात बोट मुद्दाम उलटी करायची, डोकं पाण्याखाली घालायचं आणि पुन्हा वर यायचं. बाद फेऱ्यांत पहिले दोघं पुढे, उरलेले घरी.

याला कयाक क्रॉस म्हणतात. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला आणि कनू स्लॅलमच्या अनेक जुन्या भक्तांनी नाकं मुरडली. ही सर्कस आहे म्हणे. टीव्हीसाठी केलेला तमाशा.

माझं म्हणणं सरळ आहे. या खेळात जे काही चांगलं आहे, ते अशा सर्कशीतूनच आलंय. ज्यांना हे दिसत नाही, त्यांना स्वतःच्या खेळाचा इतिहास ठाऊक नाही.

आधी त्यांची बाजू. नेहमीची स्लॅलम म्हणजे एकटा खेळाडू आणि घड्याळ. वर टांगलेल्या काठ्यांची जास्तीत जास्त 25 गेट्स, हिरवी प्रवाहासोबत, लाल प्रवाहाविरुद्ध. काठीला स्पर्श झाला की 2 सेकंद दंड, गेट चुकलं की 50. एक्सेल शीटसारखं स्वच्छ. क्रॉसमध्ये मात्र दुसऱ्याच्या धक्क्याने तुमची चार वर्षांची मेहनत वाहून जाते. पॅरिसला ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सने कयाक आणि कनू दोन्हींत सुवर्ण जिंकलं, पण क्रॉसमध्ये ती लवकरच बाद झाली. तिला मागे टाकणाऱ्यांत तिची सख्खी धाकटी बहीण नोएमी होती. पुढे नोएमीनेच सुवर्ण नेलं. ‘जगातली सर्वोत्तम खेळाडू बाहेर, मग ही कसली स्पर्धा?’

अहो, एकटीने घड्याळाशी झुंजण्यात सर्वोत्तम असणं आणि तीन जणींच्या गर्दीत वाट काढण्यात सर्वोत्तम असणं, ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. शेजारची कधी वळेल, कुणाला आतून जाऊ द्यायचं, कुणाची वाट अडवायची, हे ओळखणं म्हणजे नशीब नव्हे. आपल्याकडे खो-खो बघणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि नेहमीच्या स्लॅलममध्ये तरी सगळ्यांना सारखं पाणी कुठे मिळतं? लाट क्षणाक्षणाला बदलते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ऑलिंपिकमध्ये क्रॉसच्या दोन शर्यती आल्या आणि सपाट पाण्यावरच्या स्प्रिंटच्या शर्यती 12वरून 10 झाल्या. ज्यांचं आयुष्य त्या शर्यतींत गेलं त्यांचा राग मला पटतो. पण तो राग पदकांचा कोटा ठरवणाऱ्यांवर काढा, रॅम्पवरून उडी मारणाऱ्या पोरीवर नको.

आता इतिहास. स्लॅलम जन्मली 1930च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये. बर्फावर स्की करत काठ्यांमधून वळणं घेतात, तसं बोटीने घेतलं तर? एवढीच कल्पना. सुरुवातीला तर ती संथ पाण्यावरच खेळली गेली. म्हणजे मुळात हा खेळ दुसऱ्या खेळाची हौशी नक्कल होता. त्या काळच्या गंभीर लोकांनीही ‘काय हा पोरखेळ’ असंच म्हटलं असणार.

मग गंभीर लोक आले. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकची स्लॅलम ऑग्सबर्गच्या कृत्रिम प्रवाहात झाली. पूर्व जर्मनीने त्या प्रवाहाची प्रतिकृती आपल्या त्स्विकाऊ शहरात बांधली, तिथे सराव केला आणि चारही सुवर्णं उचलली. कौतुक वाटतं ना? मलाही वाटतं. पण आजचा नियम बघा. गेट्सची मांडणी शर्यतीच्या थोडंच आधी ठरते आणि तिच्यावर सराव करता येत नाही. खेळाडू काठावर उभे राहून, हवेत हात फिरवत, मनातल्या मनात वळणं घेतात. पाठांतराला उत्तर म्हणून या खेळाने अनिश्चितता मुद्दाम जपली आहे. क्रॉस त्याच रस्त्यावरचं पुढचं पाऊल आहे.

अमेरिकेचे जॉन लुगबिल आणि डेव्ही हर्न पोटोमॅक नदीवर सराव करायचे. त्यांच्या बोटी इतक्या चपट्या होत्या की टोकं पाण्यात दाबून काठीच्या खालून सरकवता यायची. काठीला शिवायचं नाही असा नियम, मग खालून गेलो तर? हा प्रश्न मस्तीखोर पोरालाच पडतो. लुगबिल पाच वेळा वैयक्तिक जगज्जेता झाला आणि मग जगाने त्यांच्या बोटींची री ओढली.

सगळ्यात जुना दाखला ग्रीनलंडचा. क्रॉसमध्ये ज्या उलटण्याला लोक हसतात, तो रोल इन्युइट शिकाऱ्यांचा. बर्फाळ समुद्रात उलटी झालेली कयाक सरळ करता आली नाही तर मरण. आज तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत रोलचे कितीतरी प्रकार करून दाखवायचे असतात. वल्ह्याने, नुसत्या हाताने, हातात वीट धरून, एवढंच काय, दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून. शुद्ध सर्कस! पण वल्हं हातातून सुटलं, हात दोरीत अडकला, तर काय करायचं याची ती तालीम आहे. मरणाची तालीम खेळ म्हणूनच करता येते, कारण खेळात पुन्हा पुन्हा हरायची सोय असते.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे नेटफ्लिक्सच्या ‘केऑस मंकी’चं सगळे कौतुक करतात. चालू सर्व्हर मुद्दाम कुठलाही बंद पाडायचा आणि सिस्टीम तग धरते का ते बघायचं. मशीनसाठी हे शहाणपण आम्ही मान्य करतो. माणसांसाठी तेच केलं की ‘थिल्लर’ म्हणतो.

हे लांबच्या ऑलिंपिकचं भांडण वाटत असेल तर कोलाडला या. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सुटलं की कुंडलिकेत राफ्टची रांग लागते. जॅकेट, हेल्मेट, आरडाओरडा, रील, जेवण, परत पुणे. मजा येते, पण कुठे वळायचं तो प्रत्येक निर्णय मागे बसलेला गाईड घेतो. तुम्ही सामान असता. त्याच नदीवर, सुरक्षित जागी, प्रशिक्षकासोबत कयाकमध्ये बसा आणि उलटे व्हा. पहिल्या रोलला माझ्या नाकात पाणी गेलं आणि त्या दहा सेकंदांत मला नदी जितकी कळली, तितकी चार राफ्टिंग पॅकेजमध्ये कळली नव्हती.

अहिल्यादेवींच्या महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेवर, 2023मध्ये खेलो इंडियाची स्लॅलम झाली. छान झालं. पण खेळ मुलांपर्यंत पोचतो तो पदकाच्या रांगेतून, आणि त्याआधी घरातून एकच वाक्य कानावर असतं: पाण्याजवळ जाऊ नकोस. भीती आणि पदक यांच्या मधली जागा आपण रिकामी ठेवली आहे. तिथे उलटं वल्हवणं, डोळे मिटून गेट गाठणं, बोटींची अदलाबदल, वल्ह्याशिवाय शर्यत, असलं सगळं हवं. ते नसेल तर पदकंही येणार नाहीत आणि पाण्याची भीतीही जाणार नाही.

तेव्हा सर्कस म्हणायचं तर खुशाल म्हणा. फक्त तंबू आमच्या नदीवरही लावा.